दहा जणांचं बाळ

 

गेल्या अंकात आम्ही गुडघेदुखीवर लिहिलं, त्यावर बरेच फोन आले. त्यातला एक मात्र गुडघ्यांचा नव्हता. बीरशेबाच्या एका भगिनीने विचारलं, "सिस्टर, या सुक्कोथला आमची सगळी फौज किनेरेतच्या काठी तंबू ठोकायला जाणार आहे. बरोबर दीड वर्षांची नात आहे. औषधांच्या पिशवीत काय काय भरू?"

पिशवीची यादी शेवटी देतोच. पण त्या पिशवीत न मावणारी एक गोष्ट आहे, आणि ती आम्ही कुठल्या पुस्तकात शिकलो नाही. ती शिकायला आम्हाला सिंगापूरपर्यंत जावं लागलं. तेही अडतीस वर्षं नर्सिंग करून रिटायर झाल्यावर.

साल २०१९. आमचा मुलगा तेव्हा नोकरीनिमित्त सिंगापूरला होता. घर तलोक ब्लांगाला, म्हणजे हार्बरफ्रंटच्या अगदी जवळ. मलय भाषेत तलोक म्हणजे खाडी आणि ब्लांगा म्हणजे मातीची हंडी. हंडीची खाडी! आम्हा कोकणातल्या माणसांना गाव लगेच आपलंसं वाटलं. सुनेने आग्रह धरला की या सुक्कोथला सगळ्यांनी इकडे या, बाळ दोन वर्षांचं झालंय, कुणीच त्याला नीट पाहिलेलं नाही. मग काय, जमलो. आम्ही दोघं इस्रायलहून. धाकटा भाऊ, भावजय आणि त्यांची दोन नातवंडं, बारा वर्षांचा मुलगा आणि नऊ वर्षांची मुलगी. ठाण्याहून आमची थोरली ताई, वय वर्षं शहात्तर, पहिल्यांदाच विमानात बसलेली. तिच्याबरोबर सुनेची आई, म्हणजे आमच्या विहीणबाई. मुलगा आणि सून धरून दहा माणसं झाली. बायामुलं मोजली तर मिनयानइतकी डोकी! आणि मध्ये एक बाळ.

तंबूची कल्पना भावाच्या नातवंडांची. इस्रायलची मुलं ती, त्यांना सुट्टी म्हटली की तंबू. ताई म्हणाली, "एवढं चांगलं घर असताना उघड्यावर का झोपायचं? कुणी काढलंय का घराबाहेर?" भाऊ म्हणाला, "सुक्कोथच आहे ना, मग बाहेरच झोपायचं." पण त्यानेच नंतर खुलासा केला की नायलॉनचा तंबू म्हणजे काही सुक्का नव्हे. सुक्क्याचं छप्पर झाडापाल्याचं पाहिजे आणि त्यातून रात्री तारे दिसायला हवेत. खऱ्या सुक्क्यात आम्ही आधीच बसून आलो होतो, वॉटरलू स्ट्रीटवरच्या मागेन आबोथ सिनेगॉगमध्ये. १८७८ साली उघडलेलं हे सिनेगॉग बगदादी ज्यूंनी बांधलं. तिथल्या अंगणात बसून ताई म्हणाली, "आपल्या मशिदीसारखंच आहे की!" आपल्याकडची जुनी माणसं सिनेगॉगला अजून मशीदच म्हणतात.

तर बुधवार, १६ ऑक्टोबर. सुक्कोथच्या मधल्या दिवसांतला पहिला दिवस. जायचं होतं वेस्ट कोस्ट पार्कला. सिंगापुरात वाटेल तिथे तंबू ठोकता येत नाही, बागांच्या खात्याकडून परवाना काढावा लागतो आणि तोही ठरलेल्या जागेचा. मुलाने आपल्या नावावर काढला होता. भावाचं बिऱ्हाड लिटल इंडियातल्या हॉटेलात उतरलेलं, म्हणून सगळ्यांनी हार्बरफ्रंटला भेटायचं ठरलं. जांभळ्या लाइनचं हे शेवटचं स्टेशन, २००३ साली सुरू झालेलं. लिटल इंडियाला बसलं की गाडी न बदलता इथे उतरायचं. सामानासकट नेणारी मोठी गाडी चार वाजता येणार होती, आम्ही तीनलाच हजर. म्हाताऱ्यांची सवय.

बालदोस्तांनो, हार्बरफ्रंट म्हणजे काय गंमत आहे ते सांगतो. समोर बंदर. एका बाजूने इंडोनेशियाच्या बाटाम बेटावर जाणाऱ्या फेरीबोटी सुटतात. डोक्यावरून केबल कार जाते, १९७४ सालापासून, माउंट फेबरच्या टेकडीवरून थेट समुद्र ओलांडून पलीकडच्या सेंटोसा बेटावर. या सेंटोसाचं जुनं नाव होतं पुलाव ब्लाकांग माती. पुलाव म्हणजे आपला खायचा नव्हे, बेट! आणि माती म्हणजे मेलेला. असलं नाव ठेवून पाहुणे कसे येणार? म्हणून १९७०च्या दशकाच्या सुरुवातीला नवं नाव दिलं सेंटोसा, म्हणजे सुखशांती. ओळखा बरं कुठला शब्द? आपलाच संस्कृतातला 'संतोष'! ताईला हे सांगितलं तर ती म्हणाली, "आमच्या बिल्डिंगमध्ये तीन संतोष आहेत, एकालाही शांती नाही."

स्टेशनाला लागूनच व्हिवोसिटी नावाचा मोठा मॉल आहे, २००६ साली उघडलेला. त्याच्या गच्चीवर घोटाभर पाण्याचा उथळ तलाव आहे. लहान मुलं त्यात डुबुक डुबुक चालतात, आया काठावर बसतात. गाडी येईपर्यंत आम्ही तिथे जाऊन बसलो. तंबूच्या पिशव्या, गाद्या, डबे, बर्फाची पेटी, सगळा संसार काठावर मांडलेला. बाळाच्या चपला काढल्या आणि त्याला पाण्यात सोडलं. दहा माणसं भोवती. काळजी कसली?

पुढे जे झालं त्यात जागेचा काही दोष नव्हता, तो सगळा आमचा.

सून म्हणाली, "ओले रुमाल संपलेत, खालून घेऊन येते. जरा बघा हं!" आणि गेली. 'जरा बघा हं.' हे शब्द नीट लक्षात ठेवा वाचकहो. कुणाला म्हणाली ती? सगळ्यांना. म्हणजे कुणालाच नाही.

भाऊ बंदरातल्या बोटीचा फोटो काढत होता. भावजय टॉयलेटची पाटी शोधत होती. विहीणबाई डबे मोजत होत्या, एक कमी भरत होता. मुलगा गाडीवाल्याशी फोनवर. भावाची नातवंडं आपापल्या फोनमध्ये. ताई केबल कारकडे मान वर करून बघत बसली होती, तिचं काय चुकलं, पहिल्यांदाच पाहत होती बिचारी. आणि आम्ही, अडतीस वर्षांच्या सिस्टर, आमच्या ह्यांना ब्लडप्रेशरची गोळी का घेतली नाही म्हणून झापत होतो.

मान वळवली तर बाळ नाही.

पाण्यात दहा-बारा मुलं होती. त्यातलं एकही आमचं नव्हतं. आधी वाटलं मुलाकडे असेल. मुलाला वाटलं आमच्याकडे. भावाला वाटलं सुनेने बरोबर नेलं. प्रत्येकाकडे एकेक उत्तर होतं, बाळ कुणाकडेच नव्हतं. मग एकच धावपळ उडाली. पाय पाण्यात, चपला पाण्यात, "छोटू, छोटू" हाका. आमच्या वॉर्डात कितीतरी मुलं पाण्यातून काढून आणलेली आम्ही पाहिली आहेत, त्या सगळ्यांचे चेहरे त्या मिनिटात डोळ्यांसमोरून गेले. ते इथे लिहीत नाही.

तीन-चार मिनिटं झाली असतील. तलावाच्या पार पलीकडच्या टोकाला एक चिनी आजीबाई बसली होती. तिने आमच्या छोटूचा सदरा मागून घट्ट मुठीत धरला होता आणि तो आनंदाने पाण्यावर थापा मारत होता. आम्ही सगळे धापा टाकत पोहोचलो. तिने इंग्रजीत विचारलं, "बाळ कुणाचं?"

आम्ही सगळ्यांनी एकदम सांगितलं, "आमचं!"

तिने आमच्याकडे एकेक करून पाहिलं. म्हणाली, "सगळे म्हणताय आमचं. मग बघत कोण होतं?"

तिने सदरा सोडला नाही. सून धावत आली, तिच्या हातात मूल दिलं आणि मगच मूठ सोडली. आम्ही आभार मानले तेव्हा तिने नुसती मान हलवली.

वाचकहो, नर्स म्हणून दोन शब्द इथेच सांगून टाकतो. सिनेमात बुडणारा माणूस हात हलवतो, ओरडतो. खरं बुडणं तसं नसतं. लहान मूल बहुतेक वेळा आवाज न करता बुडतं, कारण श्वास घेण्याचीच मारामार असते, ओरडणार कुठून? दोन वर्षांच्या मुलाचं डोकं शरीराच्या मानाने जड असतं. ते तोंडावर पडलं की घोटाभर पाण्यातूनही त्याला मान उचलता येत नाही. बादली, टब, हौद, सगळं सारखंच. जगभरात बुडून मरणाऱ्यांत सर्वांत जास्त प्रमाण एक ते चार वर्षांच्या मुलांचं आहे, असं जागतिक आरोग्य संघटना सांगते. २०२१ सालापासून २५ जुलै हा दिवस जगभर बुडण्यापासून बचावाचा दिवस म्हणून पाळतात, तो उगाच नाही. आणि या घटना फक्त ओसाड जागी घडत नाहीत. घरात माणसं भरलेली असताना, वाढदिवसाला, सणावाराला, सगळे हजर असतानाही घडतात.

सून रडली. मुलगा तिच्यावर चिडला, ती मुलावर. विहीणबाई म्हणाल्या, आता कसला तंबू, घरी चला. आम्हालाही तसंच वाटत होतं. पण अडतीस वर्षांची सवय जागी झाली. वॉर्डात चूक झाली की पळून जाता येत नाही, ती कुठे झाली ते शोधायचं असतं.

वॉर्डात तीन पाळ्या. सकाळ, संध्याकाळ, रात्र. पाळी बदलताना जाणारी सिस्टर येणाऱ्या सिस्टरला घेऊन खाटेखाटेशी जाते. हा पेशंट, हे औषध, ही सलाइन इतक्या वाजता संपेल. येणारी म्हणते, "घेतला." ती 'घेतला' म्हणेपर्यंत जाणारीने हलायचं नाही. 'जरा बघा हं' म्हणून कुणी ड्यूटी सोडली तर दुसऱ्या दिवशी मेट्रनसमोर उभं राहावं लागे. आणि घरी? घरी आम्ही आमचं सगळ्यांत मौल्यवान माणूस 'जरा बघा'वर सोडलं होतं.

तिथल्याच एका दुकानात सगळं दोन डॉलरला मिळत होतं. आम्ही खाली गेलो आणि एक पिवळी शिट्टी आणली, गळ्यात घालायच्या दोरीची. वर येऊन सगळ्यांना उभं केलं. ऐका, म्हटलं. आजपासून ही शिट्टी ज्याच्या गळ्यात, बाळ त्याचं. त्याने फोन हातात घ्यायचा नाही, स्वयंपाक करायचा नाही, डबे मोजायचे नाहीत. पाळी अर्ध्या तासाची. पाण्याजवळ असाल तर बाळ हाताच्या अंतरावर हवं. पाळी द्यायची ती तोंडाने आणि हाताने. "बाळ तुझ्याकडे." "घेतलं." तेव्हाच शिट्टी काढायची.

भाऊ हसला. म्हणाला, "ताईसाहेब, तुम्ही अजून रिटायर झाला नाहीत."

गाडी आली. सगळे बसलो. वेस्ट कोस्ट पार्क हार्बरफ्रंटपासून फार दूर नाही. वाटेत पासिर पांजांगचं कंटेनर बंदर लागतं. पासिर पांजांग म्हणजे लांबच लांब वाळू, पण आता तिथे वाळू नाही, क्रेन आहेत, जिराफांच्या कळपासारख्या. पार्कमध्ये मोठं हिरवळीचं मैदान, झाडं, नळ, स्वच्छ टॉयलेट. ताईने पहिल्यांदा टॉयलेट जाऊन पाहिलं आणि मगच तंबूला मान्यता दिली.

तंबू तीन. ठोकताना जी भांडणं झाली ती प्रत्येक घरात होतात, त्यात शाई घालवत नाही. टेक्का मार्केटमधून सुरमई आणली होती, तिथे तिला बातांग म्हणतात. नव्या जाळीवर, नव्या फॉइलमध्ये भाजली, कोशरची काळजी विहीणबाईंनी घेतली. बरोबर नारळाच्या रसातला भात. सिंगापूर विषुववृत्ताला इतकं चिकटलेलं आहे की बारा महिने सूर्य सातच्या सुमाराला मावळतो. अंधार पडला आणि समुद्रात उभ्या बोटींचे दिवे लागले.

शिट्टी मात्र फिरत होती. सून, मुलगा, भाऊ, विहीणबाई. पहिल्या तासात सगळे हसत होते, दुसऱ्या तासात हसणं थांबलं. कारण एक अजब गोष्ट सगळ्यांच्या ध्यानात आली. ज्याच्या गळ्यात शिट्टी नाही, तो खरोखर मोकळा होता. सून तर म्हणाली, दोन वर्षांत पहिल्यांदा गरम जेवले. आतापर्यंत तिला वाटायचं सगळेच बघताहेत, तरी तिचा एक डोळा कायम बाळावर असायचा. आता तो डोळाही सुटला.

मग भावाची नात पुढे आली. नऊ वर्षांची, हुशार. म्हणाली, "दोदा, आता माझी पाळी. मला जमतं."

आम्ही शिट्टी काढायला लागलो. मनात म्हटलं, शिकू दे की पोरीला. तेवढ्यात ताई बोलली. दिवसभरात इतक्या कडक आवाजात ती बोलली नव्हती.

"तिला देऊ नकोस."

"अगं ताई, अर्ध्या तासाचा प्रश्न आहे."

"अर्धा तास नाही आणि अर्धं मिनिट नाही. पोराच्या गळ्यात पोर बांधू नका. तिला खेळू दे."

मुलीला मराठी नीट समजत नाही, पण सूर समजला. ती हिरमुसली. ताईने तिला जवळ घेतलं, डोक्यावरून हात फिरवला, पण शिट्टी काही दिली नाही.

रात्रीच्या पाळ्या लावल्या. लहान मूल झोपलेलं असलं तरी नवीन जागा, तंबूची चेन उघडून बाहेर निघालं तर? बारापर्यंत मुलगा, बारा ते तीन आम्ही, रात्रपाळीची सवय अजून अंगात आहे. तीननंतर ताईने स्वतः मागून घेतली. म्हणाली, मला तशीही झोप येत नाही.

तीन वाजता ती बाहेर आली. आम्ही म्हटलं, "बाळ तुझ्याकडे." ती म्हणाली, "घेतलं." आम्ही शिट्टी तिच्या गळ्यात घातली. आत जायला निघालो, तर तिने हात धरून बसवलं.

मग तिने सांगितलं. हे आम्हाला माहीत नव्हतं असं नाही. तुकडे माहीत होते, ते कधी जोडले नव्हते.

आमचं लहानपण मुंबईच्या चाळीत गेलं. आम्ही भावंडं सहा, ताई सगळ्यांत मोठी. आई आजारी असायची. आम्ही आमच्या मुलांना, नातवंडांना नेहमी सांगत आलो, आणि या पानावरही एकदा लिहून गेलो, की आमच्या वेळी पाळणाघरं नव्हती, सगळी चाळ मुलांना बघायची. केवढं माणूसबळ! आता ते दिवस गेले.

ताई म्हणाली, "सगळी चाळ नाही गं. मी बघायचे."

ती चौथीत होती. कमरेवर भावंड घेऊन शाळेत जायची. ते रडलं की बाई म्हणायच्या, याला घरी ठेवून ये. घरी ठेवून आली की परत जाता यायचं नाही. एक दिवस ती गेलीच नाही आणि कुणी विचारलंही नाही. चाळीच्या मागे पाण्याचा हौद होता. नळ आला की सगळ्या बाया तिथे. एकदा अशाच भर गर्दीत आमचा मधला भाऊ हौदात पडला. वीसेक बाया उभ्या होत्या. सगळ्यांना वाटलं, दुसरी बघतेय. ताई कळशी भरत होती. तिनेच त्याला केसाला धरून वर काढलं. तो वाचला, तिच्या थोबाडीत बसली. "तुझं लक्ष कुठे होतं?" म्हणून.

"मी नऊ वर्षांची होते," ताई म्हणाली. "वीस बाया होत्या. मार मला एकटीला बसला."

समोर बोटींचे दिवे होते. आम्ही काय बोलणार? आम्ही तिच्या आठ वर्षं पाठच्या. ज्या कमरेवर ते बाकीचे वाढले त्याच कमरेवर आम्हीही वाढलो. आम्ही अकरावी पास झालो, १९७२ साली इस्रायलला आलो, नर्सिंग शिकलो, पांढरी टोपी घातली, फोटो काढून ठाण्याला पाठवला. तो फोटो तिच्या घरात अजून भिंतीवर आहे. चौथीतल्या त्या मुलीची वही कुठे गेली, हे आम्ही साठ वर्षांत एकदाही विचारलं नव्हतं.

आम्ही म्हटलं, "ताई, तुझी शाळा आमच्यामुळे सुटली."

ती म्हणाली, "तुमच्यामुळे नाही. तुम्ही तर लहान होता. कुणी 'घेतलं' म्हटलं नाही, म्हणून सुटली. जा झोप आता, माझी ड्यूटी आहे."

आम्ही तंबूत गेलो. झोप लागेल असं वाटलं नव्हतं, पण लागली.

साडेचारच्या सुमाराला वारा सुटला. एप्रिल ते नोव्हेंबर या काळात सिंगापूरला पहाटेच्या वेळी पश्चिमेकडून अचानक वादळी पाऊस येतो. सुमात्रा बेटावरून, मलाक्काची सामुद्रधुनी ओलांडून येतो म्हणून त्याला नावच सुमात्रा पडलंय. एक तंबू तर मुळापासून उखडला. अंधार, पाऊस, विजा. कुणी गाद्या धरतोय, कुणी दोऱ्या, विहीणबाई डब्यांच्या मागे. सून किंचाळली, "छोटू!"

तेवढ्यात मैदानाच्या कडेच्या पक्क्या इमारतीतून शिट्टी वाजली. एकदा, मग परत.

ताई तिथे उभी होती, छोटूला कमरेवर घेऊन, पदरात गुंडाळून. त्याच्या अंगावर पावसाचा थेंब नव्हता. वाऱ्याचा वास बदलला तेव्हाच ती उठली आणि चालू लागली. कुणाला हाक मारली नाही, सामानाला हात लावला नाही. तिच्याकडे एकच काम होतं. झाडाखाली थांबली नाही, हेही बरोबर केलं, विजा होत असताना झाड सर्वांत धोक्याचं. छोटू जागा होता आणि शिट्टी स्वतःला वाजवायला मागत होता.

सकाळी उजाडलं तेव्हा आमचं सगळं सामान ओलं होतं आणि सगळी माणसं कोरडी होती. भावाच्या नातीने ताईला विचारलं की तुला कसं कळलं. आम्ही भाषांतर केलं. ताई म्हणाली, "तिला सांग, मी फोन बघत नव्हते." मुलगी लाजली आणि हसली.

तर बीरशेबाच्या भगिनी, आणि सणाला सगळं गणगोत जमवणारे तुम्ही सगळे, आता यादी घ्या.

१) सगळ्यांत आधी शिट्टी, ओढणी, टोपी, काहीही चालेल, पण दिसणारी एक खूण. ती ज्याच्याकडे, मूल त्याचं. पाळी अर्ध्या तासाची आणि पाळी घेणारा मोठा माणूसच पाहिजे. मोठ्या भावंडाने खेळावं, पहारा करू नये.

२) 'जरा बघा हं' हे वाक्य घरातून हद्दपार करा. नाव घेऊन सांगा आणि उत्तर येईपर्यंत हलू नका.

३) मूल पाण्यात पडलं आणि श्वास घेत नसेल तर त्याला उलटं टांगू नका, पोट दाबून पाणी काढू नका. ही जुनी रीत चुकीची आहे, त्यात मोलाचा वेळ जातो. आधी तोंडाने श्वास द्या, मग छातीवर दाब, आणि दुसऱ्याने लगेच फोन करायचा. इस्रायलमध्ये १०१, सिंगापूरला ९९५, भारतात ११२. प्रथमोपचाराचा वर्ग एकदा तरी करा, वाचून हात बसत नाही.

४) डासांचं मलम दोन महिन्यांखालच्या बाळाला लावू नका. मोठ्या मुलांना लावताना आधी आपल्या हातावर घ्या. त्यांच्या तळहातांना आणि डोळ्यांजवळ नको. डेंग्यूचा डास दिवसा चावतो, विशेषतः सकाळी आणि संध्याकाळी. तशा देशात जाऊन ताप आला तर पॅरासिटामॉलच द्या, ॲस्पिरिन किंवा आयबुप्रोफेन देऊ नका, आणि डॉक्टरांना दाखवा.

५) ओआरएसची पाकिटं, थर्मामीटर, बँडेज, पूर्ण बाह्यांचे सुती कपडे. द्राक्षं उभी चिरून द्या. अख्खे शेंगदाणे लहान मुलांना देऊच नका, घशात अडकतात.

बालदोस्तांनो, तुम्हालाही एक काम आहे. तुमच्या घरात जी सगळ्यांत मोठी आजी असेल तिला विचारा, "लहानपणी तुम्हाला कोण बघायचं?" ती म्हणेल, "सगळे." मग परत विचारा, "पण खरं कोण?" जे नाव येईल ते वहीत लिहून ठेवा. ती बाई हयात असेल तर तिला फोन करा.

छोटू आता मोठा झालाय, शाळेत जातो. शिट्टी त्यानंतर कुठकुठल्या घरी फिरून आली, दोरी दोनदा बदलली. ताई ठाण्यातच आहे. हा अंक तिला पोस्टाने जातो, आणि चौथीपर्यंतच शिकलेली ती तो पहिल्या पानापासून शेवटपर्यंत वाचते, आठवडाभर पुरवून पुरवून. तेव्हा ताई, हे वाचशील तेव्हा एक ऐक. तेव्हा कुणी म्हटलं नव्हतं, ते आता आम्ही उरलेली भावंडं म्हणतो. घेतलं. आता तू बस.

पुढच्या अंकात डोळ्यांत थेंब घालायची बरोबर पद्धत. आपल्यातले निम्मे लोक ते गालावर घालतात.

सगळ्यांना शालोम.